वाचकांचे प्रश्न : वॉटरजेटच्या उच्चदाब पंपाची झीज आणि निगा

मागील अंकात पाण्याच्या झोताने पोलाद, ॲल्युमिनियम आणि ग्रॅनाइट कापणाऱ्या वॉटरजेट यंत्रांची ओळख करून दिली होती. त्यावर आलेल्या पत्रांत झोताबद्दल थोडे आणि पंपाबद्दल पुष्कळ विचारले आहे. ते स्वाभाविकच आहे. यंत्र बंद पडते ते बहुतेक वेळा पंपामुळे, आणि सुटे भाग गोव्याबाहेरून मागवावे लागत असल्याने एका सीलपायी आठवडाभर काम खोळंबल्याचा अनुभव इथल्या छोट्या कारखानदारांना नवा नाही. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून, पत्रलेखकांची नावे न देता, उत्तरे देत आहे.

प्रश्न : आमच्याकडे ३७ किलोवॅटचा, ४००० बार दाबाचा इंटेन्सिफायर पंप आहे. सुरुवातीला उच्चदाबाचे सील सात-आठशे तास टिकत. वर्षभरापासून ते दीडशे-दोनशे तासांतच जाऊ लागले आहेत, आणि तेही दर वेळी डाव्या बाजूचेच. सीलचा पुरवठादार आम्ही दोनदा बदलून पाहिला. पाणी विहिरीचे आहे, उन्हाळ्यात टँकर मागवतो. गच्चीवरच्या टाकीतून ते पंपाला येते. दोष सीलचा समजायचा की आणखी कशाचा?
— एक लघुउद्योजक, कुंडई

उत्तर : आपल्या पत्रातील ‘डाव्या बाजूचेच’ हा शब्द सर्वांत मोलाचा आहे. दोन्ही बाजूंना एकाच पुडक्यातले सील बसतात, एकच पाणी जाते आणि दाबही सारखाच असतो. तरीही एकच बाजू सील खात असेल, तर सीलच्या दर्जाला बोल लावता येत नाही. त्या बाजूचा प्लंजर (पाणी रेटणारा दांडा), सिलिंडरची आतली भिंत किंवा जुळणी यांपैकी काहीतरी बिघडलेले आहे, आणि ते दुरुस्त होईपर्यंत जगातला सर्वांत महागडा सीलसुद्धा तिथे टिकणार नाही. पुरवठादार तिसऱ्यांदा बदलू नये, ही विनंती.

सीलवर काय गुजरते ते आधी पाहू. इंटेन्सिफायरमध्ये सुमारे २०० बार दाबाचे तेल मोठ्या दट्ट्याला ढकलते आणि त्या दट्ट्याला दोन्ही बाजूंनी जोडलेले बारीक प्लंजर पाण्याला रेटतात. दट्ट्याचे क्षेत्रफळ प्लंजरच्या वीसपट असल्याने पाण्याचा दाब तेलाच्या वीसपट होतो. प्लंजर २२ मिलिमीटर व्यासाचा धरला तर ४००० बारला त्याच्या टोकावर पंधरा टनांहून अधिक भार येतो. एवढ्या दाबाखाली पाणीसुद्धा दहा टक्क्यांहून अधिक आकसते. सील असतो अतिशय उच्च रेणुभाराच्या पॉलिएथिलीनचा. नेहमीच्या तापमानाला तो घट्ट वाटतो. पण या दाबाखाली तो मळलेल्या कणकेसारखा वागतो आणि जिथे फट सापडेल तिथे शिरू पाहतो. ती फट बुजवून ठेवण्यासाठी त्याच्या पाठीशी कांस्याची कडी बसवलेली असते. पुष्कळ ठिकाणी सील नवा घालतात आणि कडी जुनीच ठेवतात. मग कडी आणि प्लंजर यांच्यातील अंतर वाढलेले असल्यामुळे नवा सीलही थोड्याच दिवसांत बाहेर पिळला जातो.

म्हणून निकामी झालेला सील कचऱ्यात टाकू नका, तो पुसून खिडकीपाशी नेऊन नीट पाहा. त्याच्या कडेला पातळ झालर आलेली असेल तर मागची फट वाढली आहे किंवा पाणी फार गरम येत आहे. आतल्या अंगावर लांबीच्या दिशेने रेघा असतील तर प्लंजरवर ओरखडा आहे किंवा पाण्यातून कण येत आहेत. पृष्ठभाग तपकिरी, काचेसारखा चकचकीत झाला असेल तर तो उष्णतेने गेला आहे. मागच्या मे महिन्यात आपल्यासारखीच तक्रार असलेल्या एका पंपाचा प्लंजर मी हातात घेऊन पाहिला होता. समोरून तो आरशासारखा गुळगुळीत दिसत होता. उजेडाकडे तिरका धरून हळूहळू फिरवला तेव्हा कुठे दोन बोटे लांबीची, केसाएवढी एक करडी रेघ दिसली. नखाला ती जेमतेम लागत होती. दहापट भिंगाखाली मात्र तिला दोन काठ होते, आणि जुन्या सीलच्या आतल्या अंगावर त्या रेघेच्या मापाचा उंचवटा उमटलेला होता. त्या चरातून प्रत्येक फेऱ्याला पाणी निसटत होते. प्लंजर बदलल्यावर त्या बाजूची तक्रार थांबली. आपणही आधी प्लंजर पाहावा, नंतर सिलिंडरची सील बसते तेथील आतली भिंत पाहावी. तिथे उथळ खुणा असल्यास बारीक पॉलिश पेपरने गोलाकार घासून त्या काढता येतात. लांबीच्या दिशेने मात्र कधीही घासू नये, कारण त्या घासण्याच्या रेघाच पाण्याच्या वाटा होतात. चर खोल असेल तर सिलिंडर होनिंगला, म्हणजे आतून यंत्राने घासून एकसारखा करायला, पाठवावा किंवा बदलावा.

आता आपल्या गच्चीवरच्या टाकीबद्दल. एप्रिल-मे महिन्यांत उन्हात असलेल्या काळ्या टाकीतील पाणी दुपारी हाताला चांगले गरम लागते. पंपाला येणारे पाणी २० ते २५ अंशांच्या आसपास असावे, अशी साधारण अपेक्षा असते. त्यापेक्षा पाणी जसजसे गरम तसतसा सील मऊ पडतो आणि झालर येण्याचा वेग वाढतो. आपली तक्रार एका बाजूची असल्याने टाकी हे तिचे मूळ कारण नसावे. पण जी बाजू आधीच दुबळी आहे तिला गरम पाणी लवकर संपवते. टाकीवर पत्र्याची सावली करावी, शक्य असल्यास जमिनीखालच्या टाकीतून पाणी घ्यावे, आणि तेही पुरत नसेल तर पाणी थंड करणारा छोटा चिलर बसवावा. सीलचे चार संच वाचले तरी सावलीचा खर्च वसूल होतो.

पाण्याच्या घटकांविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण वेर्णा, थिवी आणि डिचोलीहून आलेल्या तीन पत्रांतही हाच प्रश्न आहे. पुस्तकांतून आणि यंत्राच्या माहितीपत्रकांतून जड पाण्याचा बाऊ केलेला असतो, कारण ती लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे चुनखडीच्या प्रदेशातील पाणी असते. आपल्याकडे जांभ्याच्या जमिनीतील विहिरींचे पाणी अनेकदा मऊ, किंचित आम्लधर्मी आणि लोहयुक्त असते. अशा पाण्याला सॉफ्टनर बसवून फारसे काही साधत नाही. सॉफ्टनर कॅल्शियमच्या जागी सोडियम घालतो. विरघळलेल्या क्षारांचे एकूण प्रमाण त्याने घटत नाही आणि सिलिकाही जात नाही. लोह हवेशी संपर्क आल्यावर तांबूस गाळ होऊन फिल्टरमध्ये बसते, आणि आम्लधर्मी पाणी हळूहळू धातू खाते. समुद्राकाठच्या विहिरींत क्लोराइड उतरते. सतत ताणाखाली असलेल्या स्टेनलेस स्टीलला त्याने तडे जाऊ शकतात. नळाचे पाणी, मग ते खांडेपार नदीवरच्या ओपा केंद्रात शुद्ध होऊन आलेले असो की साळावली धरणाचे, त्या मानाने एकसारखे असते. तरी पावसाळ्यात नदीचा गढूळपणा वाढतो तेव्हा आपल्याकडील फिल्टर लवकर भरत आहेत का, यावर लक्ष ठेवावे.

टँकरचे पाणी मात्र दर खेपेला वेगळ्या ठिकाणचे असू शकते. टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचे एकूण प्रमाण, मोजणारे हातातले साधे यंत्र फार महाग नसते. प्रत्येक टँकर टाकीत रिकामा करण्यापूर्वी पेलाभर पाणी मोजून आकडा लिहून ठेवावा. त्या यंत्राला लोह, सिलिका आणि पीएच कळत नाही, म्हणून वर्षातून दोनदा, एकदा मेअखेरीस आणि एकदा पाऊस सुरू होऊन पाणी बदलल्यानंतर, प्रयोगशाळेत तपासणी करून घ्यावी. अहवाल हाती येण्यापूर्वी आरओ किंवा सॉफ्टनर यांपैकी काहीही विकत घेऊ नये. आरओ बसवलाच तर पाणी अगदी कोरे करू नये. क्षार पूर्णपणे काढलेले पाणी भुकेले असते, ते पाइप आणि व्हॉल्व्ह यांच्या धातूतून आपली भूक भागवते. आरओच्या पाण्यात थोडे गाळलेले मूळ पाणी मिसळून टीडीएस ५० ते १०० पीपीएमच्या आसपास आणि पीएच ६ ते ८ च्या दरम्यान राखणे बरे. पीएच कमी असेल तर चुनखडीच्या खड्यांच्या फिल्टरमधून पाणी नेल्याने तो वर येतो. त्यानंतर १० मायक्रॉन आणि १ मायक्रॉनचे फिल्टर हवेतच, आणि ते तारखेने बदलण्यापेक्षा आधीच्या व नंतरच्या दाबमापकातील फरक पाहून बदलावेत.

प्रश्न : मी देखभाल विभागात काम करतो. दाब टिकत नाही असे दिसले की आम्ही दोन्ही बाजू उघडतो, सगळे सील आणि चेक व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या झडपा) बदलतो. त्यात पूर्ण पाळी जाते. न उघडता नेमका दोष ओळखता येतो का?
— एक वाचक, वेर्णा औद्योगिक वसाहत

उत्तर : येतो, आणि ते शिकून घेणे हाच या पंपाच्या देखभालीचा गाभा आहे. इंटेन्सिफायर आपला आजार तीन प्रकारे दाखवतो : चालीतून, उष्णतेतून आणि थेंबांतून. या तिन्हींची सांगड घातली की दहा मिनिटांत निदान होते, आणि एकच बाजू, तीही पुष्कळदा अर्धवटच, उघडावी लागते.

आधी चाल पाहा. पंप पूर्ण दाबावर असताना नोझल बंद ठेवा. आता पाणी कुठेच जात नसल्याने दट्ट्या जवळजवळ थांबला पाहिजे, फार तर मुंगीच्या पावलाने सरकेल. तो फेऱ्या मारत असेल तर पाणी आतल्या आत कुठेतरी निसटत आहे हे नक्की. मग तो कोणत्या दिशेला जोरात जातो ते पाहा. डावीकडे रेटताना जोरात आणि उजवीकडे रेटताना सावकाश जात असेल, तर डावीकडे दाबले जाणारे पाणी अडत नाही असा अर्थ होतो. त्याचे कारण डाव्या बाजूचा सील किंवा डाव्या बाजूचा आत येणारा चेक व्हॉल्व्ह हे असते. तिसरी शक्यता अशी की उजव्या बाजूचा बाहेर जाणारा चेक व्हॉल्व्ह गळत आहे. त्यातून साठवण सिलिंडरमधील उच्चदाबाचे पाणी उलटे उजव्या बाजूत शिरते आणि दट्ट्याला पाठीमागून ढकलते. ही तिसरी शक्यता पुष्कळ जण विसरतात, आणि म्हणूनच चुकीची बाजू उघडली जाते.

या तीन शक्यतांतून एक निवडण्यासाठी उष्णता उपयोगी पडते. ४००० बारचे पाणी बारीक फटीतून निसटून साध्या दाबाला आले की त्याच्यातील ऊर्जा उष्णतेत बदलते, आणि हिशेब केला तर त्याचे तापमान ऐंशी-नव्वद अंशांनी वाढू शकते. त्यामुळे जिथून गळती होते तिथला धातू तापतो. आत येणारा चेक व्हॉल्व्ह गळत असेल तर थंड पाणी आणणारी त्या बाजूची नळी गरम होते आणि आत येणाऱ्या पाण्याच्या दाबमापकाचा काटा प्रत्येक फेऱ्याला उसळतो. बाहेर जाणारा व्हॉल्व्ह गळत असेल तर त्या बाजूचे टोक तापते. हे तापमान लांबून मोजणाऱ्या इन्फ्रारेड थर्मामीटरने पाहावे. जुने फिटर हात लावून सांगत असत, पण चालू पंपाच्या उच्चदाबाच्या भागाला हात लावण्याची सवय मला मान्य नाही आणि आपणही ती सोडावी. चकचकीत स्टीलवर इन्फ्रारेडचा आकडा फसवा येतो. म्हणून दोन्ही बाजूंना ठरावीक जागी काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावून ठेवावा आणि नेहमी तिथेच मोजावे. नेमके किती अंश आले त्यापेक्षा डाव्या-उजव्यातील फरक महत्त्वाचा.

राहिले थेंब. उच्चदाबाच्या प्रत्येक जोडाला आणि सीलच्या मागच्या बाजूला एक बारीक भोक मुद्दाम ठेवलेले असते. आतला बंद सैल पडला की पाणी त्या भोकातून ठिबकते, म्हणजे ते भोक म्हणजे पंपाने स्वतःहून दिलेली वर्दी असते. ते एम-सील लावून बुजवलेले मी एका ठिकाणी पाहिले आहे आणि ते पाहून मनापासून वाईट वाटले. भोक बुजवले की गळती थांबत नाही, दाब फक्त आतल्या पोकळीत कोंडला जातो. सीलच्या भोकाखाली स्टीलचा छोटा पेला ठेवा आणि मिनिटाला किती थेंब पडतात ते मोजा. चार-सहा थेंब कित्येक दिवस तसेच राहू शकतात. पण कालचे सहा आज वीस झाले असतील आणि पाणी कोमट लागत असेल, तर पाळी संपताना सील बदलण्याची तयारी ठेवावी. धार लागेपर्यंत थांबलात तर ते पाणी सिलिंडरच्या भिंतीत चर कोरते, आणि सीलच्या किमतीत झाले असते ते काम सिलिंडरच्या किमतीवर जाते.

एक वही पंपाशेजारी दोरीने बांधून ठेवा. रोज सकाळी तासमापक, नोझल उघडे असताना मिनिटाला किती फेरे, नोझल बंद असताना किती, दोन्ही बाजूंचे तापमान, तेलाचे तापमान आणि थेंब, एवढेच लिहायचे. माझ्या अनुभवात ज्या कारखान्यात ही वही भरली जाते तिथे पंप अचानक बंद पडत नाही, कारण बंद पडण्याच्या दोन-तीन दिवस आधीच आकडे हलू लागतात.

प्रश्न : मूळ कंपनीचेच भाग घ्यावेत की इतरांनी बनवलेले चालतील?
— एक वाचक, डिचोली

उत्तर : सील आणि कांस्याच्या कड्या चांगल्या उत्पादकाकडून घेतल्या तर चालतात, वहीत तास लिहून दोन्हींची तुलना स्वतः करावी. सिलिंडर, टोकाचे भाग आणि उच्चदाबाच्या नळ्या यांत मात्र काटकसर करू नये. हे भाग बनवताना त्यांना कामाच्या दाबापेक्षा बराच जास्त दाब देऊन आतल्या थरात कायमचा दाबताण निर्माण केलेला असतो, आणि त्यामुळेच ते लक्षावधी फेऱ्यांचा थकवा सोसतात. ही प्रक्रिया नीट झाली आहे की नाही हे भाग हातात घेऊन कळत नाही.

प्रश्न : आम्ही ग्रॅनाइट आणि टाइल्समध्ये नक्षी कापतो. पंप ३४०० बारच्या वर जातच नाही. सील नवे आहेत, चेक व्हॉल्व्ह नवे आहेत. पंपच जुना झाला का? आणि मुद्दामच कमी दाबावर काम केले तर भाग जास्त टिकतील का?
— एक व्यावसायिक, फोंडा

उत्तर : पंपाला दोष देण्यापूर्वी कटिंग हेडमधील ऑरिफिस, म्हणजे ज्याच्या बारीक भोकातून झोत निघतो तो खडा, काढून पाहा. आपल्या पंपाची शक्ती पत्रात नाही, पण ३७ किलोवॅटचा धरला तर तो मिनिटाला साधारण पावणेचार लिटर पाणी पूर्ण दाबावर देतो, आणि ते ०.३५ मिलिमीटरच्या एका ऑरिफिसला पुरते. माणिक किंवा नीलमणी यांचा ऑरिफिस झिजून भोक ०.४० मिलिमीटर झाले तर डोळ्यांना फरक कळणार नाही, पण क्षेत्रफळ तीस टक्क्यांनी वाढते आणि तेवढेच जादा पाणी लागते. ते पंपाकडे नसते, म्हणून दाब बसतो आणि फेरे वाढतात. अशा वेळी नोझल बंद केले की पंप पूर्ण दाब गाठून शांत होतो. तसे झाले तर पंप ठीक आहे आणि दोष नोझलच्या टोकाशी आहे. नोझल बंद करूनही दाब चढत नसेल तरच पंपाकडे वळावे. तेव्हाही दाब सोडणारा सुरक्षा व्हॉल्व्ह आधी तपासावा, कारण वीज गेली की प्रत्येक वेळी पूर्ण दाबाचे पाणी त्याच्यातून सुटते आणि त्याची बैठक झिजते. पावसाळ्यात वीज दिवसातून तीन-चार वेळा जाणाऱ्या भागात हा व्हॉल्व्ह इतरत्र टिकतो तेवढा टिकणार नाही, हे गृहीत धरूनच एक जादा संच ठेवावा.

कमी दाबाच्या प्रश्नाला माझे उत्तर होकारार्थी आहे. ४००० वरून ३५०० बारवर आल्यास झोताचा वेग सहा-सात टक्क्यांनी घटतो आणि त्याच ऑरिफिसमधून मिळणारी शक्ती सुमारे अठरा टक्क्यांनी. जाड पोलाद कापणाऱ्याला हे परवडत नाही. टाइल्सच्या नक्षीला मात्र बहुधा काही बिघडत नाही, उलट टवके कमी उडतात आणि सील, व्हॉल्व्ह, नळ्या सगळ्यांचेच आयुष्य वाढते.

प्रश्न : चवथीला कारखाना आठ दिवस बंद होता. उघडल्यावर पंप सुरू केला तर दोन जोडांतून पाणी ठिबकू लागले आणि हायड्रॉलिक तेल दुधासारखे पांढरट दिसू लागले. तेल बदलले; पंधरा दिवसांत पुन्हा तसेच झाले.
— एक वाचक, थिवी

उत्तर : ही दोन दुखणी आहेत. तेल पांढरट होते ते पाणी मिसळल्याने, आणि पंधरा दिवसांत पुन्हा झाले याचा अर्थ पाण्याची वाट अजून उघडी आहे. ती बहुधा तेल थंड करणाऱ्या कूलरमध्ये असते. त्यात एकीकडून तेल आणि दुसरीकडून पाणी वाहते. मधल्या भिंतीला सुईएवढे भोक पडले तरी पंप थांबलेला असताना पाणी तेलात उतरते. कूलर सोडवून, एक बाजू बंद करून, हवेचा दाब देऊन तपासावा. दुसरी वाट प्लंजरच्या तेलाकडील सीलमधून, आणि तिसरी तेलटाकीच्या श्वासनळीतून. आपल्याकडील दमट हवा टाकीत शिरते आणि रात्री तिचे दव तेलावर पडते. श्वासनळीला ओलावा शोषणाऱ्या दाण्यांचा डबा बसवावा आणि दाण्यांचा रंग पालटला की ते बदलावेत. मात्र केवळ दमट हवेने पंधरा दिवसांत तेल दुधाळ होत नाही, म्हणून आपण कूलरपासूनच सुरुवात करावी. तेलात पाणी आहे की हवेचे बुडबुडे, याची शंका असेल तर नमुना काचेच्या बाटलीत रात्रभर ठेवावा. बुडबुडे निघून जातात, पाणी राहते. तापलेल्या लोखंडी पट्टीवर त्या तेलाचा एक थेंब टाकल्यास पाणी असले तर तो चरचरतो. हे करताना चष्मा लावावा आणि एका थेंबाहून जास्त तेल घेऊ नये.

जोडांच्या गळतीचे कारण सुट्टी हेच असू शकते. साचलेल्या पाण्यात आठ दिवसांत जंतूंचा बुळबुळीत थर धरतो आणि सुरू करताच तो फिल्टर, मग व्हॉल्व्ह गाठतो. लांब सुट्टीपूर्वी दाब पूर्ण उतरवावा, पाणी बंद करून फिल्टरची भांडी रिकामी करावीत. पुन्हा सुरू करताना नवे फिल्टर घालून, कमी दाबावर दहा-पंधरा मिनिटे पाणी वाहू द्यावे, सगळी हवा निघून जाऊ द्यावी, प्रत्येक जोडाचे भोक टॉर्चने पाहावे आणि मग टप्प्याटप्प्याने दाब चढवावा. पहिल्याच मिनिटाला ४००० बारवर नेण्याची घाई बऱ्याच ठिकाणी होते, कारण सुट्टीनंतर कामे तुंबलेली असतात.

प्रश्न : मी आयटीआयमध्ये शिकते. डायरेक्ट ड्राइव्ह पंपात झीज वेगळी होते का? आणि प्रात्यक्षिकात आम्हाला गळणारा जोड पंप चालू असतानाच पान्याने आवळून दाखवण्यात आला. ते बरोबर होते का?
— एक विद्यार्थिनी, फोंडा

उत्तर : डायरेक्ट ड्राइव्ह पंपात मोटर क्रँक फिरवते आणि तीन प्लंजर एकामागून एक पाणी रेटतात. मध्ये तेलाचा टप्पा नसल्याने वीज कमी लागते. पण इंटेन्सिफायरचा दट्ट्या मिनिटाला पन्नास-साठ फेरे करतो, तिथे हे प्लंजर कित्येक शे फेरे करतात. साहजिकच सील आणि व्हॉल्व्ह यांच्यावर आघातांची संख्या फार मोठी असते आणि आत पाणी कमी पडले तर नुकसान लवकर होते. शिवाय नोझल बंद केले तरी क्रँक फिरतच असतो, म्हणून पाणी दुसऱ्या वाटेने सोडावे लागते किंवा मोटरचा वेग कमी करावा लागतो; ही दुसरी वाट सांभाळणारा व्हॉल्व्ह हाही झिजणाऱ्या भागांत धरावा.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट देतो : ते बरोबर नव्हते. उच्चदाबाचा जोड हा नळीच्या शंकूसारख्या टोकाने समोरच्या बैठकीवर धातूवर धातू टेकून बंद होतो. तो गळत असेल तर शंकूवर चर पडलेला असतो, कण अडकलेला असतो किंवा नळीवरची डाव्या आट्यांची कडी सरकलेली असते. आवळून यांपैकी काहीच सुधारत नाही, बैठक मात्र चिरडते, आणि दाबाखाली असलेला थकलेला जोड पान्याच्या झटक्याने तुटू शकतो. पंप बंद करायचा, नोझल उघडून दाब उतरवायचा, दाबमापक शून्यावर आल्याची खात्री करायची, मेन स्विचला कुलूप लावून किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची, आणि मगच पाना हातात घ्यायचा. जोड उघडल्यावर शंकू भिंगाखाली पाहायचा, आट्यांना न अडकू देणारे वंगण लावायचे आणि टॉर्क रेंचने सांगितलेल्या मापापर्यंतच आवळायचे.

बारीक गळती बोटाने शोधायची नाही, हे वर्गातल्या प्रत्येकाला सांगा. एवढ्या दाबाची धार डोळ्यांना दिसत नाही आणि हातमोजा तिला अडवत नाही. कातडीवर टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते, सुरुवातीला दुखतही नाही, पण आत पाणी, घाण आणि जंतू खोलवर गेलेले असतात. मलम लावून घरी पाठवण्याची ही जखम नव्हे. त्याच क्षणी १०८ ला फोन करून जखमी व्यक्तीला बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात किंवा शल्यचिकित्सक उपलब्ध असलेल्या जवळच्या मोठ्या रुग्णालयात न्यावे. सोबत पंपाशेजारी आधीच लिहून टांगलेला कागद द्यावा, म्हणजे जखम लहान दिसली तरी डॉक्टरांचा वेळ जाणार नाही. त्यावर एवढेच असावे : ४००० बार दाबाचे पाणी शरीरात शिरले आहे, त्यात कापण्यासाठी झोतात मिसळलेली गार्नेटची वाळू असू शकते, आणि घटना किती वाजता घडली ते लिहायला मोकळी जागा.